तीन प्रती

रणपिसे साहेबांचा पहिला रिपोर्ट मीच टाइप केला,
तंबूत, कंदिलाच्या काचेवर काजळी,
बोटं अशी गारठलेली की एकेक अक्षर दोनदा उमटायचं.
त्यात विशेषणं नव्हती.
तारीख. गावाचं नाव. चौघांचे नंबर.
शिंपी, वय अंदाजे सत्तर,
उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली.
आणि ट्रकमध्ये, घोंगडीत गुंडाळून सापडलेल्या
शिलाई मशीनचा नंबर.

सकाळी कर्नल बावडेकरांनी वाचला.
वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.
आदल्या आठवड्यात जखमी शिपायाला पाठुंगळी घेऊन
स्वतः ओढा ओलांडला होता त्यांनी.
जेवायला सगळ्यांत शेवटी बसायचे.
म्हणाले, "परवाच्या चढाईत हेच चौघे पुढे होते.
एकाचा भाऊ तिथंच राहिला.
लढाई संपू दे, मग बघू."
आणि माझ्याकडे न बघता,
"घरगे, दुसरा काढा."

मी दुसरा काढला.
लुटीची अनियमितता झाली.
मोडलेल्या बोटांना 'किरकोळ दुखापत' पुरली.
मशीनचा नंबर गाळल्यावर
कागद केवढा मोकळा दिसला.

लढाई संपली. बघायचं राहून गेलं.

मग पुणं. वानवडीच्या बराकी,
झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना,
चौघांतल्या एकाच्या बाहीवर नवी फीत.
पावसाळ्याच्या आत कधीतरी
फातिमानगरच्या मंडईत एका नव्या पोरानं
भाजीवालीची पाटी लाथेनं उडवली.
साहेबांनी उभं केलं तर म्हणाला,
"तेवढ्यानं काय होतंय इथं, सर?"
उर्मटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच वाटत होतं.
दुसऱ्या दिवशी रणपिसे साहेबांनी पेपर टाकले.

त्यांना थांबवायला कर्नल साहेबांनी काय नाही केलं.
कोर्ससाठी नाव, घोरपडीला क्वार्टर, पदकाची शिफारस.
"असे दहा असते तर पलटण डोळे मिटून चालवली असती,"
हे ते मला म्हणाले. त्यांना नाही.
त्यांना म्हणाले, "काय हवंय तुला? तोंडानं सांग."
"तो पहिला कागद वर पाठवा, सर."
पंखा फिरत होता.
मी फाइल काखेत धरून उभा,
भिंतीवरच्या कॅलेंडरातले रविवार मोजत.

फॉर्मात एक रकाना असतो: सेवा सोडण्याचे कारण.
मी टाइप केलं, वैयक्तिक.
तीन प्रती. एक वर, एक फाइलला,
एक त्यांच्या हातात.

पहिल्या रिपोर्टचा कार्बन मात्र मी फेकला नव्हता.
का, ते विचारू नका. क्लार्कला काही फेकवत नाही.
निवृत्तीनंतर ट्रंकेतून घरी आला.
खिडकीशी धरला की
एका बाजूनं अक्षरं उलटी,
दुसऱ्या बाजूनं चक्क सरळ.
आमच्या सुनेला वाटतं, म्हातारा जुनं पत्र वाचतोय.

परवा घोरपडीच्या फाटकात स्कूटर अडकली.
शेजारी रणपिसे साहेब. केस पांढरे,
हाताला भोसरीच्या कारखान्याचं ग्रीस.
मालगाडी चाललेली, ताडपत्रीखाली
काहीतरी लांब, नळीचं.
आम्ही दोघंही मनात डबे मोजत होतो. एकोणचाळीस.

"कर्नल साहेब पौषात गेले," मी म्हणालो.
"कळलं," म्हणाले. "माझे सगळ्यांत चांगले सीओ तेच."
गार्डाचा डबाही गेला, तरी ते रुळांकडेच बघत.
"घरगे, त्या मशीनचा नंबर..."

मी सांगितला. एकही आकडा न चुकता.

त्यांनी मान हलवली,
हजेरीत कुणी ओ दिल्यावर हलवायचे तशी.
फाटक कधीच उघडलं होतं.
मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना.